नमुना मिळाला नाही

आमच्या छातीच्या दवाखान्यात तळमजल्यावर, जिन्याखाली, एक खोली आहे. तिथे खिडकी एक, खुर्ची एक, वाफेचं यंत्र एक आणि बाई एक. या बाईंचं काम म्हणजे लोकांना खोकायला लावणं. "हे काय काम झालं?" असं कुणी म्हणालं की मी त्याला सांगते, जरा खोकून दाखव बघू. घशातलं नाही, पार तळातलं. नाही ना जमत? लाळ कुणीही थुंकेल. छातीच्या तळातला बेडका माणसाकडून डबीत काढून घेणं ही कला आहे आणि आमच्या इमारतीत ती एकाच बाईला येते. सगळे त्यांना खोकलेमावशी म्हणतात. नवे पेशंट हे आडनाव समजतात आणि अदबीने "अहो खोकलेबाई" अशी हाक मारतात. मावशी ओ देतात.

मी वरच्या मजल्यावरची. मावशींनी खाली जमवलेला माल वर माझ्याकडे मोजायला येतो. मी नवी नोकरीला लागले तेव्हा माझ्याकडे दोन पदव्या होत्या आणि नाकावर भरपूर राग होता. राग अजून आहे. पहिल्याच आठवड्यात मी खाली जाऊन मावशींना ऐकवलं, "डबीत लाळ आली तर मी परत पाठवणार हं." मावशी हसल्या आणि म्हणाल्या, "पाठव की." सूक्ष्मदर्शकाखाली तोंडातल्या पेशी फार दिसल्या तर नमुना बाद, हा नियम. सात वर्षांत त्यांची एकही डबी मला परत पाठवता आलेली नाही, आणि मी काही कमी प्रयत्न केले नाहीत.

त्यांची पद्धत अशी. आधी पेशंटला तीनदा चूळ भरायला लावायची, नाक शिंकरायला लावायचं. मग खारट पाण्याची वाफ तोंडात सोडायची आणि आपण समोर स्टुलावर बसून एक विनोद सांगायला लागायचं. त्यांचं म्हणणं असं, की माणूस हसतो तो पोटातून हसतो आणि पोट हललं की छातीचा तळ हलतो. विनोद एकच, सात वर्षं तोच. एक माणूस दार ओढून घेतो आणि किल्ली आतच विसरतो. घर चौथ्या मजल्यावर. तो कुलूपवाल्याला घेऊन येतो. दोघं धापा टाकत चार मजले चढतात. वर पोचल्यावर कुलूपवाला म्हणतो, हत्यारांची पेटी खालीच राहिली. पुन्हा खाली, पुन्हा वर. आता पेटी आहे, पण पेटीची किल्ली दुकानात. पुन्हा खाली, पुन्हा वर. मावशी प्रत्येक मजल्यावरची धाप वेगळी काढून दाखवतात. पेशंट, ज्याला स्वतःला एक मजला चढवत नाही, तो हसायला लागतो. शेवटी दोघं दारात कोसळतात, तेवढ्यात दार आतून उघडतं, दारात बायको उभी असते आणि ती म्हणते...

इथवरची गोष्ट मावशी आम्हाला सांगतात, खुर्चीतल्या पेशंटसमोर मात्र ती इथवर कधी गेलीच नव्हती. बहुतेक जण दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या फेरीलाच खोकून मोकळे होतात आणि मावशी डबी पुढे करतात. बायको काय म्हणाली हे आमच्या दवाखान्यात कुणालाच माहीत नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "खुर्चीत बस, वाफ घे, मग सांगते."

प्रत्येक पेशंटच्या फॉर्मवर खाली दोन चौकटी असतात: 'नमुना मिळाला' आणि 'नमुना मिळाला नाही'. दुसरीवर मावशींनी कधीही खूण केलेली नव्हती, आणि ही गोष्ट त्या न विचारताही सांगायच्या.

आता मी वर काय मोजते ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. फुफ्फुसाच्या अस्तरावर धूर, धूळ, जंतू असं काही येऊन बसलं की तिथल्या पेशी गप्प राहत नाहीत. त्या बारीक बारीक प्रथिनं सोडतात. ही प्रथिनं म्हणजे निरोप: घुसखोर आलाय, धावा. निरोप मिळाला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावत येतात, सूज येते, कफ सुटतो, घुसखोराचा निकाल लागतो आणि मग 'काम झालं, परत फिरा' असाही निरोप सुटतो. याला दाह म्हणायचं. दाह मुळात भल्यासाठीच असतो. पहिला निरोप जातच राहिला आणि दुसरा सुटलाच नाही, की मात्र दुखणं जडतं. हे सगळं मी मावशींना समजावून सांगत होते, तर माझं वाक्य अर्धवट तोडून त्या म्हणाल्या, "म्हणजे एक बया चोर चोर म्हणून ओरडली. शेजारी काठ्या घेऊन आले. चोर पळाला. पण ही गॅलरीत उभी राहून ओरडतेच आहे. मग शेजारी काय करतील? हातात काठ्या आहेत, मारतील कपाटावर."

मी दोन पदव्या घेऊन जे पाच मिनिटांत सांगत होते ते यांनी चार वाक्यांत उरकलं. त्या दिवसापासून मी मोजते त्या इंटरल्युकिन-आठ नावाच्या प्रथिनाला आमच्याकडे 'ओरडणारी बया' म्हणतात. मोठे डॉक्टर, म्हणजे आमचे सर, तेसुद्धा चुकून एकदा सभेत म्हणून गेले.

यंदा सरांनी मोठी पाहणी हाती घेतली होती. आजारी छात्यांमध्ये ही बया किती ओरडते हे मोजायचं, पण तुलनेला धडधाकट माणसंही हवीत. धडधाकट माणूस छातीच्या दवाखान्यात कशाला येईल? सगळ्यांनी आपापल्या घरची माणसं आणावीत असं ठरलं. मावशींनी आपला थोरला भाऊ आणला.

दादा पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले. आयुष्यात सिगारेट ओढली नाही. दर रविवारी सकाळी बागेतल्या बँडमध्ये ट्यूबा वाजवायचे. ट्यूबा म्हणजे ते पितळेचं अवाढव्य प्रकरण, मांडीवर घेतलं की मागचा माणूस दिसेनासा होतो आणि फुंकायला छाती लागते. "माझी फुफ्फुसं म्हणजे लोहाराचा भाता," दादा आत येता येताच म्हणाले. "तुमच्या यंत्राला झेपतील ना?"

"याच्याइतका निरोगी माणूस तुम्हाला शोधून सापडायचा नाही," मावशी आम्हाला ऐकवत होत्या. भावाचं कौतुक त्यांच्या तोंडावरून नुसतं ओसंडत होतं. दादा खुर्चीत बसले, वाफ सुरू झाली, कुलूपवाला जेमतेम पहिल्या मजल्यावर पोचला आणि दादांनी डबी भरून दिली. दोन मिनिटं! "माझे विनोद याला लहानपणापासून आवडतात," मावशी म्हणाल्या. धडधाकट माणसाला इतक्या लवकर कफ येत नाही हे त्या खोलीत सगळ्यात चांगलं मावशींनाच माहीत होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

डबीवर नाव नसतं, नुसता नंबर असतो. नावं मावशींच्या वहीत, कोण आजारी आणि कोण निरोगी ही यादी सरांकडे, आणि मला फक्त आकडे. मोजायच्या प्लेटमध्ये शहाण्णव बारीक खळगे असतात. बया जितकी जास्त ओरडत असेल तितका खळग्यातला पिवळा रंग गडद. त्या दिवशी सत्तावीस नंबरचा खळगा झेंडूसारखा पिवळाधमक झाला. मोजणीच्या वरच्या टोकाच्याही बाहेर गेला. मी नमुना दहापट पातळ करून पुन्हा लावला, तरी सगळ्या प्लेटमध्ये पहिल्या पाच जणांत त्याची वर्णी लागली.

सरांनी यादी उघडली. सत्तावीस: निरोगी.

"डब्यांची अदलाबदल झालीय," सर म्हणाले. "त्या खालच्या बाईंना बोलवा. आणि एक चूक झाली असेल तर आणखी किती असतील? सगळेच नमुने संशयात आले."

मावशी आल्या त्या पदर खोचून. "अदलाबदल? माझ्याकडून? सात वर्षांत एका डबीची टोपी दुसरीला लागलेली नाही! कुठला नंबर म्हणता? आत्ता वही उघडून दाखवते." त्यांनी वही टेबलावर आपटली, पानं उलटली, बोट खाली सरकवत नेलं, आणि ते बोट एका ओळीवर थांबलं. मी शेजारीच उभी होते. ओळीत नाव नव्हतं, 'दादा' एवढंच लिहिलं होतं.

मग मावशींनी मला हळूच विचारलं, "आकडा खरा असला तर?"

"तर त्यांच्या छातीत काहीतरी बरेच दिवस धुमसतंय," मी म्हणाले. खोटं कसं बोलणार?

मावशींनी वही मिटली. "मग चूक माझीच," त्या सरांना म्हणाल्या. "लिहा तसं. अदलाबदल झाली. म्हातारी झाले, हात चुकला. लिहा की!" आणि पदराने तोंड पुसत जिना उतरून गेल्या.

मला रडूही आलं आणि संतापही आला. ज्या बाईने सात वर्षं आपल्या डब्यांवरून इमारतभर मिरवलं, तिने भाऊ बरा ठरावा म्हणून सगळं एका वाक्यात मातीत घातलं होतं. ती खरी ठरली तर भाऊ आजारी, भाऊ ठणठणीत तर ही चुकलेली. सर पेन काढून खरंच लिहायला लागले. मी म्हणाले, "सर, थांबा. अदलाबदल झाली असती तर कुठल्यातरी आजारी माणसाचा आकडा निरोगी निघायला हवा होता. दाखवा एक तरी." सरांनी यादी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली. एकही नव्हता. पेनाला टोपण लागलं.

दुसऱ्या दिवशी दादांना पुन्हा बोलावलं. यायलाच तयार नव्हते. "एकदा दिलं ना? माझा कफ काय देवघेवीचा माल आहे?" मावशींनी त्यांना कारण सांगितलं नव्हतं, नुसतं हाताला धरून आणलं. या वेळी मी स्वतः खोलीत उभी राहिले आणि नंबर माझ्या हाताने घातला. मावशी विनोद सांगत होत्या खऱ्या, पण नजर भावाच्या छातीवर होती, तो खोकू नये म्हणून जीव टांगणीला लावून बसलेली. कुलूपवाला या खेपेला पहिल्या मजल्यावरही पोचला नाही. संध्याकाळी खळगा तसाच पिवळा.

मग सर कामाला लागले, आणि त्यांना एकदा कामाला लावलं की ते सोडत नाहीत हे मान्य करायला हवं. फुंकायच्या चाचणीत लोहाराचा भाता वयाच्या मानाने पाऊणही भरला नाही. एक्स-रेत दोन्हीकडे धुकट सावली. दादांचा चेहरा उतरला. जिना चढताना आपण दोनदा थांबतो हे त्यांनी तेव्हा कबूल केलं. आजवर ते गुडघ्यांच्या नावावर खपवत होते.

"श्वासातून काहीतरी आत जातंय," सर म्हणाले. "कबुतरं पाळता?"

"नाही."

"घरात ओल? कुजका पाला? लाकडाचा भुसा?"

"माझी बायको भुशाला घरात येऊ देईल का?"

"कधी जास्त होतं?"

"रविवारी संध्याकाळी जरा कणकण येते, अंग मोडून येतं. मंगळवारपर्यंत बरं वाटतं."

"रविवारी काय करता?"

"बँड."

"मग दमत असाल," सर म्हणाले, आणि मीसुद्धा मान डोलावली. दोन पदव्या! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

त्या रविवारी मावशींनी मला बागेत नेलं. "एकदा ऐक तरी, कसा वाजवतो ते. काय माहीत, पुढे..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. बागेत ऊन छान पडलं होतं, बाकांवर म्हातारेकोतारे, गवतावर पोरं, आणि मध्ये गोल छपराखाली पंधरा वादक. दादांचे नुसते गुडघे आणि टक्कल दिसत होतं. पण आवाज असा, की बाकाच्या लाकडातून पाठीत शिरत होता.

एक गत संपली. दादांनी ट्यूबा तिरका केला, नळीखालची छोटी चावी दाबली आणि फूं केलं. श्वासाची वाफ आत थंड होऊन पाणी साचतं, ते वादक मधूनमधून असं काढून टाकतात. गढूळ पाण्याची एक धार फरशीवर पडली. आणि मावशी बाकावरून उठल्या.

आता हे मावशींशिवाय जगात कुणी केलं नसतं. माणसाच्या श्वासाच्या वाटेतून काही बाहेर पडलं आणि ते वाया चाललं, हे त्यांना बघवतच नाही. पर्समध्ये रिकामी, स्वच्छ डबी असतेच. पुढची गत सुरू व्हायच्या आत त्या छपराखाली पोचल्या होत्या. "दादा, पुन्हा दाब ती चावी."

"अगं, लोक बघताहेत!"

"बघू देत. दाब."

बँडमास्तर काठी वर धरून थांबले. श्रोत्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला, दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. मावशींनी डबी भरली, टोपी घट्ट लावली, उजेडात धरून पाहिली, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी मला जवळ बोलावलं. "यात काही तरंगतंय बघ. दादा, हे आतून कधी धुतोस?"

"धुतोस?" दादा दचकलेच. "ट्यूबा कुणी धुतं का? धुतला की सूर पातळ होतो. गुरुजींनी पहिल्याच दिवशी सांगितलंय. तीस वर्षांत पाण्याचा थेंब लागू दिलेला नाही."

शेजारच्या चौदा वादकांनी एकमुखाने माना डोलावल्या.

मावशींनी डबीवर सत्तावीस-अ असा नंबर घातला. मी तो माल तपासायला दिला आणि पाच दिवसांत त्यातून हिरवीकाळी बुरशीची लव उगवली. दादांच्या रक्ताची तपासणी झाली, त्यात याच बुरशीशी झगडणारी प्रथिनं सापडली. बाहेर फुंकण्याआधी माणूस श्वास आत घेतो, आणि वादक तो घाईने, तोंड नळीवरून पुरतं न उचलता घेतो. तीस वर्षं दर रविवारी दादा बुरशीचा एक एक घोट ओढत होते, आणि आत ती बया बिचारी खरंच चोर बघून ओरडत होती. तिचं काहीच चुकलं नव्हतं. आम्हीच तिला खोटी पाडायला निघालो होतो, तिलाही आणि मावशींनाही. सरांनी हे कळल्यावर खाली जिन्याखालच्या खोलीत जाऊन मावशींची माफी मागितली. मावशी म्हणाल्या, "असू दे हो. माझा दादा पुन्हा बरा होईल का, तेवढं सांगा."

"चोर बाहेर काढला, तर शेजारी घरी जातील," सर म्हणाले. "बहुतेक जातील. पण फार दिवस झालेत, कपाटाचं किती नुकसान झालंय ते चार महिन्यांनी कळेल." मावशींनी त्यातलं 'बहुतेक' तेवढं घरी नेलं.

ट्यूबा मावशींनी स्वतः धुतला, बँडच्या खोलीमागच्या नळाखाली, नळ्या घासायचा आमचा सगळ्यात लांब ब्रश माझ्याकडून मागून नेऊन. आतून जे निघालं त्याचं वर्णन मी करत नाही, तुमचं जेवण व्हायचं असेल. दादा पायरीवर तोंड पाडून बसले होते. "तीस वर्षांचा सूर गटारात चालला!"

"सूर नव्हे रे, शेवाळं आहे."

बाकीचे वादक आधी हसत होते, मग एकेक गप्प झाला. पुढच्या रविवारी त्याच नळावर चौदा वाद्यांची रांग लागली आणि क्लॅरिनेटवाल्याचं ट्रंपेटवाल्याशी नंबरावरून भांडण झालं.

दादांना गोळ्या सुरू झाल्या आणि चार महिने फुंकायला बंदी आली. ते बँडमध्ये ढोल वाजवायला लागले, आणि इतक्या जोरात, की बँडमास्तरांनी सरांना येऊन विचारलं, यांना लवकर बरं करता येईल का?

चार महिन्यांनी दादा पुन्हा जिन्याखालच्या खुर्चीत बसले. सरही आले, मीही आले, त्या एवढ्याशा खोलीत आम्ही भिंतीला चिकटून उभे. मावशींनी चूळ भरायला लावली, नाक शिंकरायला लावलं, वाफ सोडली. कुलूपवाला पहिल्या मजल्यावर गेला. दादा हसले. दुसरा मजला. दादा पोट धरून हसले. पेटी राहिली, किल्ली राहिली, सगळ्या फेऱ्या झाल्या, मावशींनी धापा टाकून टाकून दाखवल्या, दादांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण खोकला नाही. वाफेची ठरलेली वीस मिनिटं भरत आली. दादांनी दोनदा आपणहून जोर लावला. डबीत नुसती लाळ.

"मग दार आतून उघडतं," मावशी म्हणाल्या, "दारात बायको उभी असते, आणि ती म्हणते..."

मावशी थांबल्या. सर पुढे झुकले. मी श्वास रोखला.

"काय म्हणते?" दादांनी विचारलं.

"मला काय ठाऊक!" मावशी म्हणाल्या. "इथवर कुणी पोचलंच नाही आजवर."

आम्ही चौघंही असे हसलो, की बाहेरच्या बाकावरचे पेशंट डोकावून बघायला लागले. दादा सगळ्यात मोठ्याने आणि सगळ्यात जास्त वेळ हसले. कुणीही खोकलं नाही. फुंकायच्या चाचणीचा कागद सरांनी सकाळीच पाहिला होता. त्यांनी तो खिशातून काढून मावशींच्या हातात दिला: भाता जवळजवळ पुरता भरत होता.

मावशींनी तो वाचला, घडी घालून कमरेला खोचला आणि पेन मागितलं. मग डोळे पुसले, फॉर्म मांडीवर घेतला आणि 'नमुना मिळाला नाही' या चौकटीत आयुष्यातली पहिली खूण केली. चांगली ठसठशीत, दोनदा गिरवून.